दोनशे बारावी ओळ

गुरुवारी सकाळी सव्वादहाला, चौदाव्या नमुन्याचा गोठणबिंदू वहीत लिहीत असताना पापांचा निरोप आला. घरच्या ग्रुपवर ते सहसा काही पाठवत नाहीत, म्हणून त्यांचा आवाज मी लगेच ऐकते. "पोरांनो, सापडला! माझा आजोबा सापडला! आपल्या वानिनानं शोधून काढला, वीस मिनिटांत!" मागे किटलीची शिट्टी वाजत होती आणि ती बंद करायचंही त्यांना सुचलं नव्हतं. मी निरोप परत ऐकला. 'सापडला' हा शब्द मला नीट ऐकूच आला नाही. ऐकू आलं ते 'आपल्या' आणि 'वीस मिनिटांत'. वानिना माझ्या भावाची, एर्नानची बायको. लग्नाला तीन वर्षं झाली. मी चौदाव्या नमुन्यासमोर पंधराव्याचा आकडा लिहिला, मग तो खोडला. डेअरीच्या प्रयोगशाळेत लागल्यापासून त्या वहीत मी केलेली ही पहिली खाडाखोड. दुधात पाणी घातलं असेल तर ते गोठणबिंदूवरून कळतं, शेतकऱ्यानं कितीही शपथा घेतल्या तरी. मला माझं काम यासाठीच आवडतं. तिथे कुणाच्या आवाजातल्या आनंदाला काही किंमत नसते.

दोन वर्षं आणि तीन महिने मी त्या माणसाला शोधत होते. माझ्या वडिलांचे आजोबा, जोव्हान्नी क्याबोत्तो, इटलीतून इथे सांता फे प्रांतात आल्यावर हुआन. अठराशे पंच्याण्णवच्या मे महिन्यात देशभर जनगणना झाली तेव्हा इटलीहून आलेल्या शेतकऱ्यांच्या आमच्या वसाहतीत जो गणतीवाला घोड्यावरून आला, त्याला स्पॅनिशशिवाय काही येत नव्हतं, आणि नांगर थांबवून त्याच्यासमोर उभं राहिलेल्या लोकांना उत्तर इटलीतल्या पिएमोंतच्या बोलीशिवाय काही येत नव्हतं. त्यानं ऐकू आलं ते लिहिलं. शंभर वर्षांनी कुणीतरी त्या पानांचे फोटो पडद्यावर मोठे करून नावांची यादी बनवली, तेव्हा त्यानं दिसलं ते लिहिलं. म्हणजे दोन चुका, एक कानाची आणि एक डोळ्याची. मी त्या वेगवेगळ्या मांडायचे. आमच्या आडनावाची एकतीस रूपं माझ्या तक्त्यात होती: चावोतो, कियाबोटो, काबोट, याबोती, एके ठिकाणी तर नुसतं 'बोत्तो'. प्रत्येक रूपासाठी सांता फे प्रांतातल्या सगळ्या वसाहती, प्रत्येक वसाहतीतली प्रत्येक नोंद, आणि प्रत्येक नोंदीपुढे माझा निर्णय. जुळणारी हिरवी, शंका असलेली पिवळी, बाद केलेली लाल. वयात दोन वर्षांपेक्षा जास्त फरक असेल तर लाल. हा नियम मी पहिल्याच दिवशी ठरवला होता, कारण नियम नसेल तर माणूस आपल्याला हवं तेच शोधतो.

हे सगळं रविवारी दुपारी चालायचं. आई गेल्यानंतरच्या हिवाळ्यात पापा रविवारी जेवण झालं की खुर्ची खिडकीकडे वळवून बसायला लागले. चाळीस वर्षं चीज बनवणारा माणूस, चीजच्या मोठ्या गोल चाकावर बोटाच्या पेरानं टकटक करून आत भेग आहे की नाही ते सांगणारा. लहानपणी ते मला कारखान्यात न्यायचे, चाकाला कान लावायला सांगायचे आणि विचारायचे, "बोल, डॉक्टरीणबाई, आत काय आहे?" एर्नानला त्यांनी कधी विचारलं नाही. एर्नानला विचारलं असतं तर तो म्हणाला असता, चीज आहे. तर त्या हिवाळ्यात एका रविवारी मी खुर्ची परत टेबलाकडे वळवली, लॅपटॉप उघडला आणि म्हटलं, "पापा, तुझा आजोबा कुठला ते बघूया का?" तेव्हापासून दर रविवारी आम्ही दोघं, येर्बाच्या पानांचं कडू पाणी एकाच नळीनं आळीपाळीनं ओढत, मेलेल्या लोकांची नावं वाचत बसायचो. पापा म्हणायचे, "हा बघ, हा पेद्रो काबोट. ह्याला गलगंड होता, इथे लिहिलंय." त्या जनगणनेत गलगंडाचा रकाना होता. आंधळा, मुका, वेडा, अनाथ, सगळ्यांचे रकाने होते. बाईला लग्न होऊन किती वर्षं झाली आणि मुलं किती झाली, याचेही. पापांना ते रकाने फार आवडायचे. "सरकारला गळा बघायला वेळ होता तेव्हा," ते म्हणायचे. मी हसायचे आणि पुढची नोंद लाल करायचे. आता लिहिताना दिसतं की मी लाल रंग जरा सहज वापरत होते. सापडलाच असता तर रविवारचं काय झालं असतं?

आणि ऑक्टोबरात मेळावा होता. सगळ्या देशातले क्याबोत्तो, मग ते नाव कसंही लिहीत असोत, वसाहतीच्या क्लबच्या हॉलमध्ये जमणार होते. एका रंगाचे टीशर्ट, भिंतभर वंशवृक्षाचा फलक, लसूण आणि खारवलेल्या अँचोवीची गरम बान्या काउदा पातेलीच्या पातेली. प्रत्येक फांदीतलं एक माणूस उभं राहून आपल्या पूर्वजाचं जुनं पान वाचणार होतं. पापांनी जूनमध्येच समितीला सांगून टाकलं होतं, "आमचं पान मारिसेल वाचेल. ती आमची वैज्ञानिक आहे." पान सापडलेलं नसतानाच. मी ते वाक्य अनेकदा मनात म्हटलं होतं, हे कुणाला सांगायची गरज नव्हती.

जेवणाच्या सुट्टीत मी वानिनानं टाकलेला फोटो उघडला आणि पहिल्यांदा मला जो आनंद झाला तो मी अजून विसरलेले नाही. तो स्वच्छ, थंड आनंद होता. ते पान मला माहीत होतं. माझ्या तक्त्यातली दोनशे बारावी ओळ. आडनाव 'चाबोत'. पेद्रो, चौतीस, शेतकरी. मागदालेना, तीस, लग्नाला दहा वर्षं, मुलं पाच. कातालिना, आठ. दोमिंगो, चार. हुआन, दोन. तेरेसा, दोन महिने. वर्षापूर्वी मी ही नोंद लाल केली होती आणि कारणही लिहिलं होतं: आमचा जोव्हान्नी अठराशे एकोणनव्वदचा, इटलीत जन्मलेला. तिथल्या चर्चमधून बाप्तिस्म्याचा दाखला मी स्वतः मागवला होता, आणि त्याच दाखल्याची पिवळी पडलेली जुनी प्रत पापांच्या कपाटातही होती. दफनभूमीतल्या त्याच्या दगडावरही तेच साल. म्हणजे जनगणनेत तो सहा वर्षांचा असायला हवा. हा हुआन दोन वर्षांचा, आणि जन्म सांता फेचा. चार वर्षांचा फरक, देशही वेगळा. आईवडिलांची नावं दाखल्यातलीच होती, पण पेद्रो आणि मागदालेना तर प्रत्येक वसाहतीत होते. बाद. दुधात पाणी होतं, आणि ते फक्त मला दिसत होतं. ग्रुपवर मावश्या आणि चुलते टाळ्यांची चित्रं पाठवत होते. मी काही लिहिलं नाही. मला ते तिच्या तोंडावर सांगायचं होतं.

शनिवारी दुपारी मी त्यांच्या घरी गेले. एर्नान गाडी धूत होता. "आली बघ परीक्षक," तो ओरडला. "वानी, वही-पेन्सिल घे!" वानिना स्वयंपाकघरात लाल मिरच्या भाजून सोलत होती, बोटं काळी झाली होती. तिनं गाल पुढे केला, मी गालाला गाल लावला. ती खरंच खूश दिसत होती आणि तेच मला सहन होत नव्हतं. ती एका दवाखान्यात लोकांना रांगेचे नंबर देते. आमच्या घरात आल्यापासून तिनं कधी कुठल्या गोष्टीत मला मागे टाकायचा प्रयत्न केलेला नाही. ती फक्त येते, बसते, आणि पापा हसतात.

"पान बघितलंस?" तिनं विचारलं.

"ते चुकीचं आहे."

तिनं मिरची खाली ठेवली. "कसं?"

मी सांगितलं. वय, जन्माचा देश, दाखला, दगड. मी मुद्देसूद सांगितलं, आवाज चढवला नाही. शेवटी म्हटलं, "ही ओळ मी गेल्या वर्षीच बाद केली होती. तुला कुठे मिळाली?"

"तुझ्याच तक्त्यात," ती म्हणाली. "एर्नानला पाठवला होतास ना. मी फक्त लाल ओळी वाचल्या. म्हटलं, हिरव्या-पिवळ्या तर मारीनं बघितल्या असणार, फेकलेल्यात काय आहे बघावं." आणि ती हसली, मला चिडवण्यासाठी नव्हे, पण मला तसंच वाटलं. माझा तक्ता. माझे रंग. माझ्या कचऱ्यातून तिनं वीस मिनिटांत माझा पणजोबा उचलला होता.

"पण तो नाहीये तो. चार वर्षांचा फरक आहे, वानिना."

"मारी, पाच मुलं झाली असं लिहिलंय. चार आहेत. पाचवं कुठंय असं तुला वाटलं नाही?"

"मुलं शेजारी असतात, नातेवाइकांकडे असतात. अशा शंभर नोंदी आहेत."

"किंवा मेलेली असतात." तिनं नळ सोडला आणि काळी बोटं धुवायला लागली. माझ्याकडे तिची पाठ होती. "इटलीत जन्मलेला जोव्हान्नी इथे आल्यावर मेला. मग दुसरा मुलगा झाला, त्याला तेच नाव दिलं. माझ्या आजीच्या गावातही असंच करायचे. नाव रिकामं ठेवायचं नाही. आणि नाव तेच, तर दाखला नवीन कशाला करायचा, पाद्री दोन-दोन महिन्यांनी यायचा. पहिल्याचा होताच घरात. तुझा पणजोबा आयुष्यभर भावाच्या कागदावर जगला असणार."

"हा अंदाज आहे. पुरावा कुठंय?"

"पुरावा नाही. मला माहीत आहे, एवढंच." तिनं हात पुसले. "मी दुसरी वानिना आहे. पहिली माझ्या जन्माआधी गेली, गुरांच्या पाण्याच्या टाकीत पडून. चार वर्षांची होती. दर वर्षी नोव्हेंबरात, मृतांच्या दिवशी, आई तिच्या कबरीचा दगड धुवायची आणि मी बादली धरायची. शाळेत नाव लिहायला शिकले ना, त्याच्या आधी ते मी तिथे वाचलं होतं. बाई म्हणाल्या, अरे वा, हिला घरी शिकवलंय!" ती खरंच हसली. "तेव्हा मला वाटायचं, सगळ्यांचाच एक दगड तयार असतो."

बाहेर एर्नान गाडीवर पाणी सोडत होता. मला काहीतरी बोलायला हवं होतं. बोलायला हवं ते काय ते मला ठाऊकही होतं. पण माझ्या मनात आलं ते असं: म्हणजे हेही तिच्याकडे आहे. दोन वर्षं मी मेलेल्यांच्या मागे फिरले, अक्षरं मोठी करून डोळे दुखवले, आणि तिला एक मेलेलं माणूस जन्मतःच मिळालं होतं. मला तिच्या त्या बहिणीचा, त्या बादलीचा, त्या दगडाचा हेवा वाटला. इतकं नीच काही मला याआधी कधी वाटलं नव्हतं, आणि वाटत असताना ते नीच आहे हे मला अगदी स्पष्ट दिसत होतं, काचेच्या पट्टीवर पेशी दिसतात तसं. दिसल्यानं ते कमी झालं नाही. मी म्हटलं, "मला माफ कर, मला माहीत नव्हतं." ती म्हणाली, "तू कशाला माफी मागतेस? मिरच्या खाशील?"

मंगळवारी मी अर्ध्या दिवसाची रजा काढून वसाहतीच्या चर्चमध्ये गेले. खरं सांगायचं तर तिला खोटं पाडायला गेले. तिचं म्हणणं खरं असेल तर अठराशे नव्वद ते त्र्याण्णवमध्ये एक लहान जोव्हान्नी दफन झालेला असणार. नसेल, तर ती फक्त आपली गोष्ट आमच्या घराला चिकटवत होती. दफनाच्या वह्या इंटरनेटवर नाहीत. त्या चर्चचं दप्तर सांभाळणाऱ्या दोन्या इर्माच्या, म्हणजे इर्माबाईंच्या, ताब्यात आहेत, आणि दोन्या इर्मा बहिरी आहे, निदान तिला हवं तेव्हा.

"आडनाव?" तिनं विचारलं.

"क्याबोत्तो. पण कसंही लिहिलेलं असेल."

"मग आडनाव सांगतेस कशाला? बस तिथे आणि सगळं वाच. आणि पान उलटताना थुंकी लावू नकोस, गेल्या महिन्यात एका वकिलानं लावली."

मी सगळं वाचलं. त्या तीन वर्षांत त्या छोट्या वसाहतीत एकशे सत्तावीस लहान मुलं पुरली होती. मी आपोआप वयं लिहून घ्यायला लागले, अकरा दिवस, दोन वर्षं, चार महिने, मग थांबले. अठराशे ब्याण्णवच्या जुलैत ती नोंद होती. आडनाव 'कियाव्होत'. एकतीस रूपांमध्ये हे नव्हतं, बत्तिसावं झालं. 'हुआन, वय तीन वर्षं, इटलीचा, पेद्रो आणि मागदालेना यांचा मुलगा, चार दिवसांच्या तापानं.' मी हिशेब केला. दुसरा हुआन त्यानंतर सात महिन्यांनी जन्मला. म्हणजे मागदालेना पहिल्याच्या कबरीशी उभी होती तेव्हा तो तिच्या पोटात होता. तिला कदाचित कळलंही असेल.

मी फोटो काढला आणि तो कुणाला पाठवला नाही. तीन आठवडे. हे मी का केलं ते मी स्वतःला नाना प्रकारे समजावलं: आधी खात्री करावी, आणखी एक वही बघावी. खरं कारण एकच होतं. वानिनाकडे अंदाज होता आणि माझ्याकडे पुरावा, आणि तो माझ्याकडे आहे हे फक्त मला माहीत होतं, तोवर शोध अजून संपलेला नव्हता. रविवारी मी पापांकडे जायचे. लॅपटॉप कपाटावर होता, झाकणावर धूळ. पापा फुटबॉल लावायचे, मध्येच घड्याळ बघायचे. पाच वाजता वानिना वाचनाचा सराव करायला यायची. समितीला त्यांनी नाव बदलून कळवलं होतं. मला त्यांनी ते सांगितलं नव्हतं, मला ते यादीवरून कळलं. "मारी, तुला वाईट नाही ना वाटलं? तिनं शोधलं म्हणून म्हटलं..." ते तेव्हा म्हणाले होते, आणि मी म्हटलं होतं, "वेडा आहेस का तू?" मग मी कोपऱ्यात बसून तिचं वाचणं ऐकायचे. ती 'मागदालेना' फार सुंदर म्हणायची. पापा डोळे मिटून ऐकायचे, चाकाला कान लावल्यासारखे.

मेळाव्याच्या आदल्या रविवारी ती 'हुआन, दोन वर्षं' पर्यंत आली आणि पापा म्हणाले, "हे समितीतला तो एक्तोर सारखं विचारतोय, वय कसं जुळत नाही म्हणून. तू सांग त्याला काहीतरी, वानी." वानिनानं माझ्याकडे पाहिलं. तिला वाटलं, मी बोलेन, मी नियम सांगेन, मी ते पान परत लाल करेन. तिच्या नजरेत भीती होती. आजवर मला कुणी घाबरलं नव्हतं, आज ती घाबरली होती. मी ती थोडा वेळ तशीच राहू दिली. मग फोन काढून टेबलावर ठेवला.

"पहिला हुआन," मी म्हटलं. "ब्याण्णवच्या जुलैत गेला. मी शोधला."

पापांनी चष्मा लावला, काढला, परत लावला. मी वाट बघत होते, लहानपणी बघायचे तशी. मग ते म्हणाले, "म्हणजे आजोबा गेला तेव्हा एकोणऐंशी वर्षांचा नव्हताच. पंचाहत्तरचा होता. तरीच म्हाताऱ्याचे केस शेवटपर्यंत काळे! आम्ही म्हणायचो, रंग लावतो." ते हसले, आणि हसता हसता त्यांचा चेहरा बदलला. "तीन वर्षांचा होता हा?"

"हो."

"कधी मिळालं तुला हे?"

मी खोटं बोलू शकले असते. "तीन आठवडे झाले."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि काही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी फोन वानिनासमोर सरकवला. तिनं तो हातात घेतला नाही, नुसतं वाकून वाचलं. "तर मग असं करा," पापा म्हणाले, "पान वानी वाचेल आणि पोराचं मारी. दोघी उभ्या राहा." ते असं म्हणाले जणू पाव दोघांत वाटून देत होते, आणि मला पाव अख्खा हवा होता. मी बरं म्हटलं.

हॉलमध्ये एकशे साठ माणसं होती आणि सगळ्यांचे टीशर्ट हिरवे. बान्या काउदाचा लसूण डोळ्यांत जात होता. माझ्या आधी सात फांद्यांनी वाचलं. आमची पाळी आली तेव्हा पापा पहिल्या रांगेत बसले होते, मांडीवर हात, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा त्यांना टाय लावलेलं पाहत होते. एकच माइक होता. वानिनानं पान वाचलं, नीट, न थांबता. टाळ्या वाजल्या. कुणीतरी मागून ओरडलं, "ब्राव्हो, सूनबाई!" तिनं माइक माझ्याकडे दिला आणि मी कागद उघडला. मी वाचताना कुठे बघायचं ते मी ठरवून ठेवलं होतं. पहिली रांग, डावीकडून तिसरी खुर्ची. शब्द मला पाठ होते.

"हुआन, वय तीन वर्षं, इटलीचा, पेद्रो आणि मागदालेना यांचा मुलगा, चार दिवसांच्या तापानं."

पापांचे डोळे भरून आले होते आणि ते माझ्याकडे पाहत होते, माझ्याकडेच. दोन वर्षं तीन महिने मला हवं होतं ते हेच. टाळ्या वाजल्या नाहीत, अशा वाक्यानंतर कुणी वाजवत नाही. शेजारी वानिना उभी होती. तिनं माझं मनगट धरलं होतं, केव्हापासून ते मला कळलं नाही. माइकपासून तोंड लांब नेऊन ती मला म्हणाली, "परत वाच."

"काय?"

"त्याचं. परत वाच ना, मारी. एकदाच वाचलंस."

लोक थांबले होते, समितीतला एक्तोर पुढच्या फांदीला हात करत होता. मी कागद वर धरला. तिसऱ्या खुर्चीकडे मी पाहिलं नाही. मी तिच्याकडे वळले आणि ती ओळ पुन्हा वाचली, यावेळी हळू, नाव आधी, मग वय, आणि माइक खाली असल्यामुळे मागच्या रांगांना काही ऐकू आलं नसणार.